विष गर्भापर्यंत पोचलंच नाही तरी गर्भ बिघडतो कसा? (योक सॅक आणि तिच्यातली एन्झाइम्स)

निळीजाई
नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी गाभण रॅट्सवर काम चाललंय. नवव्या दिवशी मादीला कॅडमियम क्लोराइडचा एक डोस द्यायचा आणि मग ठरलेल्या दिवशी गर्भ काढून बघायचे. माझ्या डोक्यात सरळ हिशोब होता की विष आईच्या रक्तातून गर्भात जाणार, तिथे नासधूस करणार, आपण ती मोजायची. पण गाईड मॅडम म्हणाल्या गर्भ राहू दे बाजूला, आधी योक सॅक (गर्भाभोवतीची पडद्यासारखी पिशवी) अलगद सोडवून वेगळी ठेव आणि तिच्यातलं ॲसिड फॉस्फटेज आणि कॅथेप्सिन (पेशीच्या आत पचनाचं काम करणारी एन्झाइम्स) बघ. मी म्हटलं बिघाड तर गर्भात दिसतोय मग बाहेरच्या पिशवीत काय शोधायचं, तर म्हणाल्या वाच आणि मग ये.

वाचतेय, पण नीट उलगडत नाहीये. पहिल्या छोट्या बॅचमध्ये डोस दिलेल्या माद्यांच्या योक सॅकमध्ये ॲसिड फॉस्फटेज खरंच खाली आलंय. आता हे बिघाडाचं कारण की बिघाड झाल्यामुळे ते खाली आलं? या विषयात कोणी काम केलंय का इथे?

प्रश्नचिन्ह
मी या क्षेत्रातला नाही, शीर्षक वाचून आत आलो. योक म्हणजे अंड्यातला पिवळा बलक ना? रॅट कुठे अंडी घालते? मग तिच्या पोटात योक सॅक कशाला?

पानगळ
@प्रश्नचिन्ह प्रश्न एकदम योग्य आहे, माझ्या वर्गातली मुलंही दरवर्षी हाच विचारतात. मराठीत पीतककोश म्हणतात. कोंबडीच्या अंड्यात पिल्लू वाढतं तेव्हा बलकाभोवती एक पडदा तयार होतो आणि तो बलक पचवून पिल्लाला पुरवतो. सस्तन प्राण्यांत बलक जवळजवळ संपला, पण पिशवी राहिली. आणि रिकामी म्हणून निरुपयोगी झाली असं मुळीच नाही. गर्भाचं पहिलं रक्त हिच्या भिंतीत तयार होतं, पुढे बीजांडं किंवा शुक्राणू होणाऱ्या मूळ पेशी आधी हिच्या भिंतीत दिसतात आणि मग गर्भात सरकतात, आणि यकृत तयार व्हायच्या आधी यकृताची बरीचशी प्रोटीन्स हीच बनवते. एवढ्या नाजूक पडद्याने इतकी कामं करावीत याचं मला दर वेळी शिकवताना नव्याने नवल वाटतं.

भ्रूणवेडा
+१. आणि रॅट, माऊस, ससा, गिनीपिग यांच्यात तर ती उलटी असते. म्हणजे मोजा उलटा केल्यावर आतली बाजू बाहेर येते तसं, शोषून घेणारा थर बाहेर गर्भाशयाकडे तोंड करून. माणसात तशी नसते.

जुनाकप्पा
निळीजाई, तुझ्या मॅडमनी अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय. मी बरीच वर्षं याच प्रकारच्या प्रयोगशाळेत काढली आहेत, आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

गोष्ट सुरू होते ट्रिपॅन ब्लू या निळ्या रंगापासून. १९४८ साली जोहान्सबर्गला गिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाभण रॅट्सना हा रंग टोचला, तर पिल्लांत डोक्यात पाणी साठणं, पाठीचा कणा उघडा राहणं, डोळ्यांचे आणि शेपटीचे दोष असं बरंच काही निघालं. गंमत अशी की मादी उघडून बघितली तर योक सॅक गडद निळी आणि आतला गर्भ मात्र पांढराफटक! रंग आत गेलेलाच नसतो. हे मी स्वतः पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ त्या पेट्री डिशकडे बघत बसलो होतो. निळ्या पिशवीत पांढरा गर्भ, आणि त्या पांढऱ्या गर्भाचं डोकं बिघडलेलं.

आता हे कसं? तर रॅटमध्ये साधारण अकराव्या-बाराव्या दिवसापर्यंत खरी वार (प्लॅसेंटा) कामाला लागलेली नसते. तोपर्यंत गर्भाला आयती अमिनो आम्लं फारशी मिळत नाहीत. योक सॅकच्या पेशी आजूबाजूच्या द्रवातून आईची अख्खी प्रथिनं घोट घोट गिळतात, ती लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांत नेतात, तिथे कॅथेप्सिनसारखी एन्झाइम्स त्यांचे तुकडे करतात आणि सुटी अमिनो आम्लं गर्भाकडे जातात. म्हणजे योक सॅक हे गर्भाचं तोंड पण आहे आणि जठर पण आहे. जठर बंद पडलं की उपासमार, विष ताटात आलं नाही तरी.

आणि वेळ बघ. हा रंग सातव्या ते नवव्या दिवसांच्या सुमारास दिला तर दोष येतात, वार चालू झाल्यावर दिला तर जवळजवळ येत नाहीत. दुसरी वाट उघडली की पहिली बंद केल्याने तेवढं अडत नाही.

निळीजाई
जुनाकप्पा काका, अंगावर काटा आला वाचताना. तोंड आणि जठर! म्हणजे ट्रिपॅन ब्लूने एन्झाइम अडवलं आणि गर्भ उपाशी राहिला, बरोबर? मग माझं पण तसंच असणार ना, ॲसिड फॉस्फटेज तर कमी आलंच आहे.

चिकित्सक
इतक्या लवकर नाही. पूर्ण गोष्ट सांगायला हवी. १९६७ साली बेक, लॉइड आणि ग्रिफिथ्स यांनी सिद्धांत मांडला की ट्रिपॅन ब्लू लायसोसोमच्या एन्झाइम्सना अडवतो म्हणून दोष येतात. फार देखणा सिद्धांत होता आणि तो अजूनही पुष्कळ ठिकाणी जसाच्या तसा उद्धृत होतो. पण त्याच गटाने पुढे रॅटच्या योक सॅकचे तुकडे बाहेर वाढवून मोजलं आणि १९७६ साली दाखवलं की हा रंग मुळात गिळण्याची क्रियाच मंदावतो. म्हणजे जठराच्या आधी तोंडच मिटतं. ज्यांनी सिद्धांत मांडला त्यांनीच तो तपासून बदलला याचा मला मनापासून आदर वाटतो, पण विद्यार्थ्यांपर्यंत अर्धीच गोष्ट पोचते.

तेव्हा तुझं एन्झाइम कमी आलं एवढ्यावरून तेच कारण असं म्हणू नकोस. गिळणं कमी झालं का, पचवणं कमी झालं का, की पेशीच मरत होत्या आणि सगळंच कमी झालं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत.

भ्रूणवेडा
@चिकित्सक मान्य, पण एन्झाइमचा सिद्धांत अगदीच बाद झाला असं चित्र नको. ल्युपेप्टिन घ्या. ते कॅथेप्सिन बी आणि एल सारख्या एन्झाइम्सना थेट अडवतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रीमन आणि लॉइड यांनी दाखवलं की रॅटला ते दिलं तर गर्भात दोष येतात, आणि योक सॅक न पचलेल्या प्रथिनांनी फुगते. तिथे तोंड उघडंच आहे, जठर बंद आहे, म्हणून आत साचतंय. शिवाय ब्रेंट यांचे अँटिसिरमचे प्रयोग, त्यात योक सॅकविरुद्धची अँटिबॉडी आईला टोचली की ती योक सॅकला जाऊन चिकटते आणि गर्भात दोष येतात. रंग, एन्झाइम अडवणारं रसायन, अँटिबॉडी, तिन्ही एकमेकांसारखे नाहीत पण घाव तिघांचा एकाच पडद्यावर.

जुनाकप्पा
चिकित्सक यांनी योग्य दुरुस्ती केली. मी गोष्ट सोपी करताना १९७६ चा भाग गाळला, तो गाळायला नको होता.

मोजपट्टी
बायोकेमिस्ट्रीवाली. मला एकच विचारायचंय. निळीजाई, तुझा ॲसिड फॉस्फटेजचा आकडा कशाने भागलायस?

निळीजाई
प्रति मिलिग्रॅम प्रोटीन ताई. सगळे तसंच करतात ना? प्रोटीन ब्रॅडफर्डच्या रंग-चाचणीने काढलंय.

मोजपट्टी
वाटलंच मला. आता वर भ्रूणवेडा काय म्हणाले ते परत वाच. पचन अडलं की योक सॅकमध्ये न पचलेली प्रथिनं साचतात, म्हणजे तुझ्या भागाकारातला छेद, खालचा आकडा, वाढला. एन्झाइम होतं तेवढंच असलं तरी प्रति मिलिग्रॅम प्रोटीन आकडा खाली येणार, आणि तू लिहिणार एन्झाइम घटलं! साचलेलं प्रोटीन आईचं आहे, पेशीचं नाहीच. इतर अवयवांत ही चूक खपून जाते पण योक सॅकचं कामच प्रथिनं गिळण्याचं, त्यामुळे इथे ती खपत नाही. डीएनए मोज, म्हणजे पेशी किती आहेत ते कळेल, आणि आकडा त्याने भाग. सोबत अख्ख्या योक सॅकमागे किती तेही दे.

दुसरं, लायसोसोमचं एन्झाइम पिशवीत बंद असतं. होमोजनेट केल्यावर, म्हणजे ऊतक घोटल्यावर, ट्रायटन (पडदे विरघळवणारा डिटर्जंट) घालून ती पिशवी फोडली होतीस का? फोडली नसेल तर तुला जे बाहेर सांडलंय तेवढंच दिसतंय. खरं तर दोन्ही मोजायला हवं, ट्रायटनशिवाय आणि ट्रायटनसह. विषाने लायसोसोमचा पडदा कमकुवत केला असेल तर एकूण एन्झाइम तेवढंच राहून सुटं एन्झाइम वाढलेलं दिसतं, आणि ते पेशीला आतून खायला लागतं. ही बातमी एकूण आकड्यात लपून जाते.

आणि कोणी ट्रिपॅन ब्लूवर काम करत असेल तर ब्रॅडफर्ड वापरूच नका, ते ५९५ नॅनोमीटरला वाचतात आणि हा निळा रंग साधारण तिथेच प्रकाश शोषतो. रंगच प्रोटीन म्हणून मोजला जाईल. ॲसिड फॉस्फटेजच्या चाचणीत तयार होणारा पॅरानायट्रोफिनॉलचा पिवळा रंग ४०५ ला वाचतात, तिथेही कंट्रोलमध्ये रंग घालून तपासून घ्या.

निळीजाई
ताई मी ट्रायटन घातलं होतं सगळ्यात, पण विना-ट्रायटन वेगळं नाही केलं. आणि छेदाचं तर डोक्यातच आलं नव्हतं. रात्री वही काढून बघते.

गोठेवाली
मी पशुवैद्यक. इथे सगळी चर्चा रॅटवर चाललीये, मोठ्या जनावरांचं सांगते. गाय, मेंढी, डुक्कर यांच्यात योक सॅक फार लवकर आक्रसते, पहिल्या महिन्याच्या आसपास तिचं महत्त्व संपलेलं असतं. घोडीत ती जरा जास्त टिकते आणि सुरुवातीची वार म्हणूनही काम करते. त्यामुळे जनावराने विषारी काही खाल्लं आणि वासरू किंवा करडू बिघडलेलं निघालं की दर वेळी योक सॅककडे बोट दाखवता येत नाही.

उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ कुरणांतली व्हेराट्रम कॅलिफोर्निकम ही वनस्पती. मेंढीने ती गर्भधारणेच्या चौदाव्या दिवसाच्या सुमारास खाल्ली की एका डोळ्याची कोकरं जन्माला येतात. तिथल्या शेतीखात्याच्या शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं खपून ते शोधलं, आणि त्यातल्या द्रव्याला सायक्लोपामाइन नाव पडलं. ते गर्भातच शिरून चेहऱ्याचे दोन भाग करणारा संदेश अडवतं, म्हणजे इथे विष थेट आत पोचलेलं आहे. तसंच गाभण डुकरिणीला मधल्या काळात ट्रायक्लोरफॉन दिलं तर थरथरणारी पिल्लं होतात, कारण त्यांचा लहान मेंदू नीट वाढलेला नसतो. तेव्हा योक सॅक कधीच मागे पडलेली असते. गाभण मांजरीला नायट्यासाठी ग्रिसिओफल्विन देऊ नका असं मी प्रत्येक मालकाला बजावून सांगते. एकदा एका मालकाने घरातली जुनी गोळी परस्पर दिली होती, ती पिल्लं मी पाहिली आहेत, अजून आठवली की पोटात कालवतं.

थोडक्यात कोणता प्राणी, कोणता दिवस आणि कोणतं विष हे तिन्ही कळल्याशिवाय मी तरी निदान करत नाही.

भ्रूणवेडा
दिवसावरून आठवलं, निळीजाई तू मादीच्या योनीस्रावाच्या स्मिअरमध्ये शुक्राणू दिसले तो दिवस शून्य धरतेस की एक? काही लॅब शून्य धरतात, काही एक. तुझा नववा दिवस आणि पेपरमधला नववा दिवस यात पूर्ण एका दिवसाचा फरक असू शकतो, आणि या वयात एक दिवस म्हणजे हृदय धडधडायला लागलंय की नाही इतका फरक.

निळीजाई
शून्य धरते. मेथडमध्ये लिहिलं नव्हतं, आत्ताच लिहिलं.

ओंजळ
मी शास्त्रज्ञ नाही. सातवा आठवडा चालू आहे आणि हे सगळं वाचून रात्रभर झोप नाही. सोनोग्राफीत डॉक्टरांनी योक सॅक दिसते असं म्हटलं होतं. रॅटमध्ये असं होतं म्हणजे आपल्यातही होतं का? मी एक नेहमीचं औषध घेते, ते बंद करू का?

गोठेवाली
ओंजळ, आधी एक. औषध स्वतःहून बंद करू नका. काही आजारांत औषध थांबवणंच बाळाला जास्त धोक्याचं असतं. उद्या सकाळी आपल्या डॉक्टरांना औषधाचं नाव सांगून सरळ विचारा, आणि या धाग्यावर कोणालाही विचारू नका, मलाही नाही.

पानगळ
आणि ओंजळताई, सोनोग्राफीत योक सॅक दिसणं ही चांगलीच खूण असते, गर्भ योग्य जागी रुजलाय हे त्यावरून कळतं. काही मिलिमीटरचं गोल कडं असतं ते. साधारण बारा आठवड्यांपर्यंत ते दिसेनासं होतं, तेव्हा पुढच्या वेळी नाही दिसलं तर घाबरू नका. काळजी घ्या.

चिकित्सक
ओंजळ यांच्या प्रश्नातला शास्त्राचा भाग मात्र महत्त्वाचा आहे. माणसात योक सॅक उलटी नसते, ती आईच्या ऊतीला चिकटलेलीही नसते, आपली एका द्रवाने भरलेल्या पोकळीत देठावर तरंगत असते. त्यामुळे रॅटमध्ये योक सॅकवर घाव घालणारं प्रत्येक रसायन माणसात तसंच वागेल असं म्हणता येत नाही. प्रजातींतल्या फरकाची किंमत जगाने थॅलिडोमाइडमध्ये मोजली आहे, १९५७ ला बाजारात आलं, १९६१ ला मागे घेतलं, आणि रॅट-माऊसमध्ये ते दोष दिसतच नव्हते, सशात दिसले. तिथे फसवणूक उलट्या दिशेने झाली, पण धडा तोच.

भ्रूणवेडा
इथे मी थोडा असहमत. पूर्वी म्हणायचे की माणसाची योक सॅक म्हणजे नुसता अवशेष. २०१७ साली माणूस, माऊस आणि कोंबडी यांच्या योक सॅकमधली कोणती जनुकं चालू आहेत याची तुलना प्रसिद्ध झाली, आणि प्रथिनं ओढून घेणारे मेगॅलिन व क्युबिलिन हे रिसेप्टर, कॅथेप्सिन्स, चरबी वाहून नेणारी प्रथिनं, असा बराच सरंजाम माणसातही चालू सापडला. वार पहिल्या तिमाहीत पूर्ण चालू नसते तेव्हा तरंगणारी ही पिशवी आजूबाजूच्या द्रवातून घेत असणार. म्हणजे रचना वेगळी, पण हत्यारं बरीचशी तीच. २०२३ मध्ये तर तिच्या एकेका पेशीचा नकाशाच आला.

चिकित्सक
जनुक चालू असणं आणि त्यावर गर्भाचं पोट अवलंबून असणं यात अंतर आहे. पण होय, 'नुसता अवशेष' हे मीही आता म्हणणार नाही.

प्रश्नचिन्ह
मला हे सगळं आवडतंय पण एक बोचतंय. एवढ्या गाभण माद्या मारायच्या, त्याला पर्याय नाही का?

जुनाकप्पा
प्रश्न बोचायलाच हवा, मला शेवटच्या दिवसापर्यंत बोचत होता. पूर्ण पर्याय नाही, पण संख्या कमी करता येते. केंब्रिजच्या डेनिस न्यू यांनी अख्खा गर्भ योक सॅकसकट बाहेर वाढवायची पद्धत बसवली. रॅटचा साडेनऊ दिवसांचा गर्भ, बाटलीत रक्तद्रव, बाटली सावकाश फिरत राहते, आणि दोन दिवसांत डोळ्यांदेखत हृदय सुरू होतं, शेपूट वळते. एका मादीचे दहा-बारा गर्भ वेगवेगळ्या डोसना वाटता येतात, म्हणजे माद्या कमी लागतात. आणि निळीजाईच्या प्रश्नालाही त्याचा मोठा उपयोग आहे, कारण बाटलीत आई नसते. आईने कमी खाल्लं, आईचं यकृत बिघडलं, हे सगळे घोळ एका फटक्यात बाजूला होतात.

मोजपट्टी
आईवरून महत्त्वाचा मुद्दा निघाला. कॅडमियम दिल्यावर आईच्या यकृतात मेटॅलोथायोनिन हे प्रोटीन भराभर तयार होतं, ते जस्त धरून ठेवतं आणि गर्भाच्या वाट्याचं जस्त कमी होतं. आणि रॅटमध्ये जस्त कमी पडलं तर गर्भात दोष येतात हे हर्ली यांनी १९६० च्या दशकातच दाखवलंय. बघा, ही पण विष गर्भापर्यंत न पोचता गर्भ बिघडण्याचीच वाट, पण योक सॅकच्या पचनाशी तिचा संबंध नाही! योक सॅकमधलं अल्कलाइन फॉस्फटेज मात्र जस्तावर चालणारं एन्झाइम आहे, ते सोबत मोजलंस तर एक सुगावा मिळेल. ॲसिड फॉस्फटेज ठीक आणि अल्कलाइन खाली, असं आलं तर मी आधी जस्ताकडे बघेन. एवढ्यावर सिद्ध मात्र काहीच होत नाही, फक्त पुढे कुठे खणायचं ते कळतं.

गोठेवाली
आणि माद्यांनी किती खाल्लं ते रोज वजन करून लिही बाई. डोस दिलेली मादी जेवत नाही. तिच्याइतकंच खाणं दिलेला, विष न दिलेला एक गट हवाच, नाहीतर उपासमारीचे परिणाम विषाच्या नावावर चढतील.

निळीजाई
काल रात्री वही घेऊन बसले. मोजपट्टी ताई, तुमचा संशय खरा निघतोय असं वाटतंय. प्रत्येक योक सॅकमागचं प्रोटीन डोस दिलेल्या गटात कंट्रोलपेक्षा जास्त आहे, हे माझ्याच वहीत लिहिलेलं होतं आणि मी त्या रकान्याकडे फक्त भागायला म्हणून बघत होते. अख्ख्या योक सॅकमागे आकडा काढला तर ॲसिड फॉस्फटेजची घट बरीच लहान होते. उरलेली खरी आहे का ते डीएनए मोजल्याशिवाय मी बोलणार नाही. होमोजनेट उणे ८० ला ठेवलेलं आहे, त्यातून डीएनए निघेल, पण विना-ट्रायटन मोजायला ते चालणार नाही ना, गोठवून लायसोसोम फुटले असतील?

मोजपट्टी
नाही चालणार. गोठवलं की फुटलेच समज. त्यासाठी ताजं ऊतक, बर्फावर, सुक्रोजच्या द्रावणात, हलक्या हाताने घोटलेलं, आणि त्याच दिवशी.

निळीजाई
मॅडमना सगळं दाखवलं. त्या म्हणाल्या आता मूळ प्रश्न वेगळा लिही, 'एन्झाइम घटलं का' नाही तर 'गिळलेलं पचतंय का'. पुढच्या बॅचला समान खाण्याचा गट घालतेय, अल्कलाइन फॉस्फटेज आणि कॅथेप्सिन दोन्ही, ट्रायटनसह आणि शिवाय. जास्तीच्या माद्यांसाठी प्राणी नैतिक समितीकडे सुधारित अर्ज दिलाय. तो मंजूर होईपर्यंत बाटलीतल्या कल्चरची पद्धत शिकायला दुसऱ्या एका लॅबमध्ये जाणार आहे, सोमवारपासून.

जुनाकप्पा
साडेनऊ दिवसांच्या गर्भावरचा बाहेरचा पडदा सोलताना चिमटा योक सॅकला लावू नकोस, तिला भोक पडलं की तो गर्भ गेला. पहिले वीस-पंचवीस जातीलच. रक्तद्रवासाठी रक्त काढल्यावर गोठायच्या आत लगेच सेंट्रिफ्यूज कर, उशीर झाला तर त्या द्रवात गर्भ नीट वाढत नाहीत.

निळीजाई
लिहून घेतलं काका. डीएनएचे आकडे आले की इथेच टाकते.